जुन्या ट्रकचा रेडिओ आणि लपवलेली एरियल

मलकापूर, नांदुरा, खामगाव ही आपल्या जिल्ह्यातील घाटाखालची गावे रात्रीदेखील ट्रकच्या आवाजाने जागी असतात. ज्याला जुने लोक अजून सहा नंबरचा हायवे म्हणतात (२०१० च्या नव्या क्रमवारीत तो ५३ झाला), त्या रस्त्यावर नव्या गाड्यांच्या गर्दीत एखादी लांब नाकाची म्हातारी टाटा अजून दिसते. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ पर्यंत त्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. त्या काळच्या आणि त्यानंतरच्या वीस वर्षांच्या गाड्या आता लांब पल्ल्यावर फारशा जात नाहीत. विटा, वाळू, सरकी, कडबा अशी जवळची भाडी त्या करतात. आणि १४ एप्रिलला त्याच धुऊन-पुसून, निळे झेंडे बांधून, तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालतात.

समाजातील ज्या बांधवांनी कर्ज काढून अशी गाडी घेतली आणि हप्ते फेडून ती टिकवली, त्यांच्या घरी ती केवळ लोखंड नाही. म्हणून तिच्यात रेडिओ बसवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, टपाला किंवा बॉनेटला भोक पाडायचे का? बाजारातल्या मिस्त्रीचे उत्तर ठरलेले असते. ड्रिल मारायचे, चकाकती काठी उभी करायची, दहा मिनिटांत काम संपले. पण त्या भोकातून पावसाळ्यात पाणी उतरते आणि पत्रा आतून सडतो. काठीही टिकत नाही. माल भरताना दोरखंड टाकला की ती मोडते, रस्त्याकडेच्या बाभळीत अडकते, ढाब्यावर गाडी उभी असताना कुणी तरी उपटून नेते.

याहून मोठे कारण मिरवणुकीचे आहे. गाडीचा हौदा आधीच उंच, त्यावर मंच, त्यावर माणसे, आणि वरून लोखंडी काठ्या. गावातून ११ हजार व्होल्टच्या तारा कुठे कुठे किती खाली लोंबकळतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशा तारेला धातूची काठी लागली तर संपूर्ण ट्रकमध्ये प्रवाह उतरतो आणि गाडीवरून जमिनीवर पाय टेकणारा माणूस सर्वांत आधी सापडतो. तारेला काठी टेकायलाच पाहिजे असेही नाही, फार जवळ गेली तरी ठिणगी उडी घेते. म्हणून जयंतीच्या ट्रकवर उंच धातूची कोणतीच वस्तू नको, मग ती झेंड्याची काठी असो वा रेडिओची एरियल. ओला बांबूही वीज वाहून नेतो, हेही लक्षात ठेवावे. मार्ग आधी चालून पाहावा, वीज कंपनीच्या लाइनमनला तारीख-वेळ कळवावी, ही कामे मंडळाने आठवडाभर आधी करायची असतात. आयत्या वेळी गाडीपुढे बांबू घेऊन तारा उचलणे हा शहाणपणा नव्हे.

आता एरियल लपवायची कुठे? येथे रेडिओलहरींचा एक साधा नियम कामी येतो. लाकूड, काच, रेक्झिन, कापड यांतून त्या जातात, लोखंडी पत्र्यातून जात नाहीत. या लहरी आपल्या देशाला परक्या नाहीत. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ सालीच लोकांसमोर तारेविना लहर पाठवून दाखविली होती, तीही मध्ये भिंती असताना.

अमेरिकेत मोटारीतला रेडिओ १९३० च्या सुमारास रूढ झाला. तेव्हा मोटारींचे छप्पर लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे असे. त्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी बसवून तिचीच एरियल करीत. बाहेरून काही दिसत नसे. १९३५ च्या आसपास सबंध पोलादी छपरे आली आणि ही युक्ती संपली. मग पाय ठेवायच्या फळीखाली एरियल टांगू लागले, तिथे चिखल-दगडांनी ती खराब होई.

आपल्या जुन्या ट्रकची गंमत अशी, की आपण अजून त्या पहिल्या काळात आहोत. कंपनीतून चेसिस आणि पुढचा कऊल एवढेच यायचे. केबिन बांधणारे आपलेच सुतार आणि पत्रेवाले. त्यामुळे काचेच्या वर कपाळासारखी जी रंगवलेली पाटी असते, जिच्यावर मालकाचे, मुलांचे नाव किंवा कमळ काढलेले असते, ती पुष्कळदा लाकडाची असते. एरियल लपवायला याहून चांगली जागा नाही. ती उंच आहे, पत्र्याच्या बाहेर आहे आणि समोरून पाहणाऱ्याला फक्त नाव दिसते. पाटीवर पत्रा ठोकलेला असेल तर मात्र हा बेत सोडावा. टपाच्या लाकडी फळ्यांवर पत्रा असेल, तर केबिनच्या आत छताला तार चिकटवण्यातही अर्थ नाही. कितीही महाग तार असो, ती डब्यात बंद राहील.

काम असे करतात. एफएमच्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते, तिचा चौथा भाग म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. एवढी तांब्याची वेष्टित तार पाटीच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेला, पत्र्यापासून निदान वीतभर लांब ठेवून लाकडी पट्टीने दाबून बसवावी. तिचे एक टोक मोटार-रेडिओच्या एरियल केबलच्या मधल्या तारेला डाख देऊन जोडावे. केबलची बाहेरची जाळी तिथेच आखूड जाड तारेने केबिनच्या लोखंडाला घट्ट जोडावी, रंग खरवडून, चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत. हे अर्थिंग नीट नसेल तर बाकी सारे व्यर्थ. गाडीत तार लाकडावर बसली म्हणजे अर्थिंगची गरज नाही असे पुष्कळजण समजतात, उलट लाकडी बांधणीतच ते मुद्दाम आणून द्यावे लागते.

केबल आत न्यायला नवे भोक लागत नाही. टपावरच्या दिव्यांच्या तारा जिथून उतरतात तिथूनच तिला वाट मिळते. फक्त हॉर्न आणि वायपरच्या तारांशी तिला बांधू नये. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. टीव्हीची उरलेली केबल वापरायचा मोह टाळावा. मध्यम लहरींवर ती आवाज गिळून टाकते. त्याच कारणाने केबल हवी तेवढीच लांब ठेवावी.

जुन्या रेडिओत एरियलच्या भोकाजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्याला ट्रिमर म्हणतात. मीटरच्या वरच्या टोकाला, १४०० च्या आसपास, एखादे क्षीण केंद्र लावावे आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो स्क्रू हळूच फिरवावा. पंधरा मिनिटांचे काम, पण मिस्त्री ते सहसा करीत नाहीत आणि मग एरियललाच नावे ठेवली जातात. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीची बरीच मध्यम लहरींची प्रक्षेपणे बंद झाली आहेत, म्हणून आपल्याकडे काय ऐकू येते ते आधी घरच्या ट्रान्झिस्टरवर रात्री तपासावे आणि मगच खर्च करावा.

वीज जोडताना बॅटरी पाहावी. काही ट्रक १२ व्होल्टवर, काही २४ वर चालतात. २४ च्या गाडीत दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून रेडिओ चालवला तर तीच लवकर मरते, तेव्हा कन्व्हर्टर बसवावा. विलायती घराण्याच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते. मीटर लावल्याशिवाय रेडिओ जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळेल. फ्यूज बॅटरीजवळ हवा, रेडिओजवळ नव्हे.

डिझेल इंजिनाला ठिणगीचे प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोलच्या मोटारीत येणारी करकर ट्रकमध्ये येत नाही. पण अल्टरनेटरची शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढते. तेव्हा रेडिओमागून एरियलची पिन काढून पाहावी. शिट्टी तरीही राहिली तर ती विजेच्या तारेतून येते आहे, तिथे चोक बसवा. शिट्टी थांबली तर दोष एरियलच्या केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधा.

खरे सांगायचे तर लपवलेली एरियल उघड्या काठीइतके खेचत नाही. काचेला आतून चिकटवण्याची, लहान ॲम्प्लिफायरवाली एरियल मिळते, पण ती केंद्राबरोबर गोंगाटही मोठा करते. आमच्या मते पाटीमागची साधी तारच बरी.

हे सारे दुरुस्तीचे काम आपल्या मुला-मुलींनी शिकावे असे आम्ही का म्हणतो? गावगाड्यातल्या प्रत्येक कामावर जातीचा शिक्का होता, कुणी काय करायचे हे जन्मानेच ठरलेले. रेडिओ, मोटार, बॅटरी ही कामे गावगाड्यानंतर आली, त्यांना बलुते नव्हते. बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले तेव्हा जे बाहेर पडले, त्यांतले अनेक गिरण्यांत, रेल्वेत गेले आणि काही मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसले. गॅरेजात भेदभाव नाही असे कुणी समजू नये, पण ज्याला मीटर वाचता येतो त्याच्याकडे गाडीवाल्याला यावेच लागते. आयटीआयमध्ये हे शिकता येते.

आणि रेडिओ ऐकायचा कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी एक नोंद. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरूनच आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली असे स्पष्ट केले. त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि वस्तीत एखाद्याच घरी तो असे. परवान्याची ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात गेली.

गाडीचे काम झाल्यावर परीक्षा मात्र सपाट रस्त्यावर घेऊ नये. एफएमची लहर डोंगराला अडते. मोताळ्याकडून राजूर घाट चढताना किंवा बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटातून खामगावकडे उतरताना, कोणत्या वळणावर आवाज जातो आणि किती वेळाने परत येतो, ते क्लीनरने वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या एखाद्या ट्रकच्या उघड्या काठीशी ते पडताळून पाहिले म्हणजे तार आणखी वर सरकवायची की आहे तिथेच ठेवायची ते कळते.