दहा दिवस गेले कुठे? जुन्या तारखा आणि संगणक

आविला येथील संत तेरेजा हिचे देहावसान दि. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री झाले. दुसऱ्या दिवशी स्पेनमध्ये उजाडली ती १५ ऑक्टोबर! म्हणूनच तिचा सण आपण १५ तारखेला साजरा करतो. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष लीप वर्ष असल्याने वसंतसंपात २१ मार्चवरून मागे सरकत गेला होता आणि त्यावर आधारलेला ईस्टरचा दिवसही चुकत होता. येशूसंघीय गणितज्ञ फादर ख्रिस्तोफर क्लेव्हियस आदींच्या साहाय्याने पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी ही चूक सुधारून दहा दिवस वगळले.

परंतु ही सुधारणा सर्वत्र एकाच वेळी लागू झाली नाही. पोर्तुगालने ती १५८२ साली, इंग्लंडने १७५२ साली, तर रशियाने १९१८ साली स्वीकारली. त्यामुळे १७३९ मध्ये एकाच दिवशी वसईत पोर्तुगीजांनी व मुंबईत इंग्रजांनी पत्र लिहिले, तर दोहोंवरील तारखांत ११ दिवसांचे अंतर पडे!

संगणक हा गुंता कसा सोडवतो? खगोलशास्त्रज्ञांप्रमाणे तो दिवसांना सलग क्रमांक देऊ शकतो. इ. स. पूर्व ४७१३ पासूनच्या मोजणीत ४ ऑक्टोबर १५८२ चा क्रमांक २२९९१६०, तर १५ ऑक्टोबरचा २२९९१६१ येतो. क्रमांक अखंड राहतो. बदलते ते केवळ तारखेचे नाव. शक, हिजरी वा ग्रेगोरियन तारीख त्याच क्रमांकावरून काढता येते.

अडचण येते ती आज्ञावलींच्या गृहीतकांमुळे. ‘जावा’ भाषेतील जुनी पद्धत १५८२ चा बदल जाणते. मात्र ‘पोस्टग्रेस’ ही माहितीसंग्रह प्रणाली ग्रेगोरियन नियमच भूतकाळालाही लावते. तिच्या लेखी ४ ते १५ ऑक्टोबर १५८२ हे अंतर एक नव्हे, ११ दिवसांचे! ‘एक्सेल’ तर १९०० पूर्वीची तारीख ही तारीख म्हणून ओळखतच नाही.

बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवणाऱ्यांनी म्हणूनच दक्षता घ्यावी. मूळ तारीख जशी आहे तशी, अक्षरमजकूर म्हणून लिहावी. ती कोणत्या दिनदर्शिकेतील आहे हे शेजारच्या रकान्यात नोंदवावे. रूपांतरित तारीख द्यावयाची असल्यास तिसऱ्या रकान्यात द्यावी. मूळ तारीख कदापि पुसू नये. रूपांतर चुकले तर ते पुन्हा करता येते. पुसलेली मूळ नोंद मात्र पुढील पिढीला परत मिळवून देता येत नाही.