वेशीच्या आतला बाजार

समृद्धी महामार्गावर कारंजा लाडची पाटी येते आणि बहुतेक गाड्या पुढे निघून जातात. जे थांबतात, ते गुरुमंदिरात नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाचं दर्शन घेऊन परततात. आमच्या वाशीम जिल्ह्यातलं हे गाव दाखवायला मी पाहुण्यांना नेतो, तेव्हा म्हणतो, आणखी दोन तास काढा आणि पायी फिरा.

हे जुनं सावकारी गाव. दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ अशा चार वेशी. इथल्या एका सावकारानं उंटांवरची सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या गाऱ्यात कालवली, अशी दंतकथा आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली इथंच सुरू झाला.

खायचं काय? कढईतून निघालेला आलूबोंडा, सोबत तळलेली मिरची. रमजानात मगरीबच्या सुमारास गेलात तर खजूर आणि गरम भजी. वर चहा, उन्हाळ्यात उसाचा रस. घरी न्यायला नव्या तुरीची डाळ, हिवाळ्यात संत्री.

एकच वस्तू घेऊ नका : जुन्या वाड्याचा नक्षीदार खांब किंवा चौकट. जुन्या पेठेत पुढे दुकान आणि मागे घर असतं. गिऱ्हाईक तुटलं की दुकान बंद, मग घराला कुलूप, आणि शेवटी सागवान भंगारवाल्याकडे. तुमच्या पावशेर डाळीवर कुणाची तरी चौकट उभी राहते.