गाडी दुरुस्तीची तारीख का लांबते?
टेम्पोवाल्या व्यापाऱ्यांनी आणि गॅरेजच्या कारागिरांनी समजून घ्यावे असे काही

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातील दुकानदारांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. टेम्पो बिघडला की सर्व्हिस सेंटर आठ-पंधरा दिवसांनंतरची तारीख देते. त्या तारखेला गाडी नेली तरी दोन दिवस ती नुसती उभी असते. विचारले तर "पार्ट आला नाही" किंवा "माणूस सुटीवर आहे" असे उत्तर मिळते. आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडीचा किंवा मुंबईचा माल बोरघाट चढून आणावा लागतो, म्हणून हा प्रश्न आमच्या रोजीचा आहे.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. समजा भाड्याच्या टेम्पोला रोज २,००० रुपये पडतात आणि आपली गाडी उभी असल्याने डिझेल व झीज मिळून ८०० रुपये वाचतात. म्हणजे रोजचा जादा खर्च १,२०० रुपये. नऊ दिवस गाडी अडकली तर १०,८०० रुपये गेले. दुरुस्तीचे बिल कदाचित ६,००० चेच असेल. बिलावर आपण तासभर घासाघीस करतो, पण त्याहून मोठी रक्कम वाट पाहण्यात जाते आणि ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

कारणे कोणती?

पहिले कारण गाडीतच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासून अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी काही वेळ सलग वेगाने चालली की तो तापतो आणि साचलेली काजळी जळून जाते. बाजारात दुकान ते गोदाम अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या टेम्पोचा फिल्टर तापतच नाही, म्हणून तो तुंबतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, मग इंजिनची ताकद कमी होते. हे काम पान्याने होत नाही, त्यासाठी कॉम्प्युटर जोडावा लागतो. असा स्कॅनर आणि तो वाचणारा माणूस थोड्याच ठिकाणी असल्याने सगळी गर्दी तेथेच होते.

दुसरे कारण घाटाचे. भरलेली गाडी चढवताना क्लच प्लेट झिजते, उतरताना ब्रेकचे लायनर तापतात. खालच्या गिअरमध्ये न उतरता नुसत्या ब्रेकवर गाडी सोडणारा ड्रायव्हर मालकाला वर्षातून एकदा तरी जादा गॅरेज दाखवतो. त्यात पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी भुशी धरण आणि खंडाळ्याकडे पर्यटकांची रीघ लागते. त्यांच्या बंद पडलेल्या गाड्या सोमवारी स्थानिक गॅरेजच्या दारात उभ्या असतात.

तिसरे कारण माणसांचे. तळेगाव आणि चाकण हा मोटारींच्या कारखान्यांचा पट्टा. हाताला काम येणारा मुलगा ठराविक पगार आणि ठराविक वेळेसाठी कारखान्याकडे पाहतो. उस्तादाच्या हाताखाली चार वर्षे काळे हात करणारे शागीर्द कमी झाले आहेत.

रांगेचे गणित

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या गणितज्ञाने रांगांचा हिशेब मांडला. त्या शास्त्रातील एक साधा नियम आपल्याला उपयोगी आहे. समजा एका गॅरेजात एकच कारागीर आहे. गाड्या केव्हाही येतात आणि कोणत्या कामाला किती वेळ लागेल याचा नेम नाही, पण सरासरी एका गाडीला एक दिवस लागतो. कारागिराचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर येणाऱ्या गाडीला सरासरी एक दिवस थांबावे लागते. ८० टक्के वेळ भरला की चार दिवस, ९० टक्के भरला की नऊ दिवस आणि ९५ टक्के भरला की एकोणीस दिवस. काम थोडेसेच वाढले, पण वाट पाहणे दुप्पट झाले. गॅरेजवाल्याला वाटते, माणूस रिकामा बसू नये. पण प्रत्येक तास भरून ठेवला की एक गाडी अडली तरी मागच्या सगळ्या अडतात.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. घरासारखी सोय असलेल्या सहलीच्या गाड्यांची, म्हणजे मोटरहोम आणि मागे जोडायच्या ट्रेलरची, कोरोनाच्या काळात फार मागणी वाढली. २०२१ मध्ये कारखान्यांतून अशा सुमारे सहा लाख गाड्या बाहेर पडल्या. दुरुस्तीचे कारागीर तितक्या झपाट्याने तयार होणे शक्य नव्हते. शिवाय मोटरहोममध्ये इंजिनचे काम एकाचे आणि आतल्या नळ, वीज, फ्रिजचे काम दुसऱ्याचे, म्हणून मालक दोन दारे हिंडतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या लोणावळ्याच्या बाजूला येतील तेव्हा त्यांना वायरमन, प्लंबर, सुतार आणि मेकॅनिक असे सगळे हात लागतील. आमच्या कारागीर बांधवांनी हे काम आजच डोळ्यांसमोर ठेवावे.

कायदा काय सांगतो?

सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना खुलेपणाने न मिळाल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली, पण प्रश्न खरा आहे हे त्या निकालाने मान्य केले. भाग फक्त एकाच दारी मिळत असेल तर रांगही त्याच दारी लागणार.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेली सेवा सहसा ग्राहक तक्रारीत बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी गाडी वापरणारा माणूस ग्राहक धरला जातो. एकच टेम्पो स्वतः चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीला आधार लागतो, म्हणून जॉब कार्डावर गाडी दिल्याची तारीख, सांगितलेला बिघाड आणि परत देण्याचा वायदा लिहून घ्यावा.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

सर्व्हिसची तारीख आपल्या हंगामावरून ठरवावी. कापडवाल्याला रमजान, लग्नसराई, जूनमधील शाळेचे गणवेश आणि दिवाळी या वेळी गाडी हाताशी हवी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीची तारीख डोळे मिटून चालवू नये. आषाढातील मंदीचे दिवस मोठ्या कामाला चांगले. आठवड्यात बुधवार-गुरुवार बरा.

फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांचे आणि त्यापुढे एका वर्षाचे मिळते. त्याची तयारी मुदतीआधी दोन महिने सुरू करावी.

बिघाड धोक्याचा नसेल तर आधी फक्त तपासणी करून घ्यावी, भाग मागवावा आणि भाग आल्यावरच गाडी उभी करावी. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र एक दिवसही चालढकल नको. वॉरंटीचे काम कंपनीकडे आणि पाटे, लायनर, क्लच यांसारखे नेहमीचे काम जवळच्या भरवशाच्या मिस्त्रीकडे द्यावे. फिल्टरचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी.

गॅरेजवाल्यांनी काय करावे?

दिवसाचा पाचवा हिस्सा तातडीच्या कामासाठी मोकळा ठेवावा. अर्ध्या तासाच्या किरकोळ कामांची रांग वेगळी करावी. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो केलेल्या मुलाला हाताशी घ्यावे आणि स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावा. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून "उद्या देतो" असे सांगण्यापेक्षा "पुढच्या गुरुवारी देतो" असे सांगून गुरुवारी गाडी द्यावी. व्यापारी आठ दिवसांची सोय करू शकतो, रोजच्या "उद्या"ची करू शकत नाही.