टॅपेटचा आवाज : आधी ऐका, मग पाना उचला



आपल्या डिंडोलीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे खूप आहेत. कोणाची सीएनजी रिक्षा आहे, कोणाची शाळेची व्हॅन, तर कोणी जुनी मारुती जपून ठेवली आहे. आखाजीला किंवा लग्नसराईत तीच गाडी कोंडाईबारी घाटातून गावी जाते. अशा गाडीच्या इंजिनातून टिक-टिक आवाज येऊ लागला की कोणी सांगतो, "टॅपेट टाइट करून घ्या." कोणी सांगतो, "जाड ऑइल टाका." परंतु कारण समजून न घेता केलेला उपाय महागात पडतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आवाज कशाचा असतो?

इंजिनात हवा व इंधन आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि जळालेला धूर बाहेर सोडणारा दुसरा व्हॉल्व्ह असतो. कॅमशाफ्टचा उंचवटा रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग त्याला पुन्हा बंद करते. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे आपण शाळेत शिकतो. व्हॉल्व्ह तापून लांब झाला तरी तो पूर्ण बंद व्हावा, यासाठी हे अंतर लागते. बहुतेक इंजिनांत ते ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते, म्हणजे झेरॉक्सच्या एक ते तीन कागदांच्या जाडीएवढे.

झीज होऊन हे अंतर वाढले की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. तीच टिक-टिक.

आवाज ओळखायचा कसा?

कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. म्हणून टॅपेटचा आवाज हलका, नियमित आणि इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. वेग वाढवला की टिक-टिकही त्याच प्रमाणात वाढते.

सन १८१६ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर लेनेक यांनी कागदाची नळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आपले मिस्त्री लांब पेचकस टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावतात, तीच ही युक्ती. मात्र फिरणारा पट्टा आणि पंखा यांपासून हात, मफलर, ओढणी दूर ठेवावी. मुलांनी हे काम स्वतः करू नये.

तपासण्याचा क्रम असा ठेवावा :

१. प्रथम डिपस्टिकने ऑइल पाहावे. ऑइल कमी असेल किंवा घट्ट काळे झाले असेल तर वरच्या भागापर्यंत ते नीट पोहोचत नाही आणि आवाज येतो. ऑइलचा लाल दिवा पेटलेला राहिला तर इंजिन लगेच बंद करावे.
२. आवाज खालून, जड ठक-ठक असा येत असेल आणि चढावर वाढत असेल तर तो बहुधा बेअरिंगचा असतो. अशी गाडी चालवू नये.
३. थंड इंजिनात चक-चक आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल तर सायलेन्सरकडील गॅसकेटमधून धूर गळत असू शकतो.
४. नव्या गाड्यांत इंजेक्टरची बारीक टिक-टिक स्वाभाविक असते.
५. काही गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात. सकाळी सुरू करताना थोडा वेळ आवाज येऊन थांबला तर काळजी नाही.

दुरुस्ती

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले, तरी त्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्या रॉकरवर स्क्रू आणि चेकनट असतो. इंजिन पूर्ण थंड असताना कव्हर काढतात. ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याचा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करतात. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाची फिलर गेजची पट्टी मधे घालतात. ती किंचित अडत सरकली की माप बरोबर. चेकनट आवळताना स्क्रू फिरू शकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजणे आवश्यक आहे. काही इंजिनांत स्क्रू नसतो, तेथे ठरावीक जाडीची चकती बदलतात. माप बरोबर असूनही आवाज राहिला तर रॉकर किंवा कॅम झिजला आहे का, ऑइलचा मार्ग तुंबला आहे का, हे पाहावे लागते.

शांत इंजिनाचा धोका

सीएनजी रिक्षावाल्या पालकांनी हा भाग अवश्य वाचावा. धुराचा व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. तो बंद होऊन सीटवर टेकतो तेव्हाच त्याची बरीच उष्णता निघून जाते. आवाज घालवण्यासाठी टॅपेट जास्त आवळला तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही. त्याच्या फटीतून आग निघते आणि व्हॉल्व्ह जळतो. सीएनजी कोरडे इंधन आहे, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे बिघाड वाढत जातो आणि आवाज मात्र कमी होतो! गाडी सकाळी लवकर सुरू होत नसेल, उभी असताना मिसिंग करत असेल, ओढ कमी झाली असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. व्हॉल्व्ह जळाला तर हेड उतरवावे लागते, रिक्षा उभी राहते आणि तितक्या दिवसांची कमाई बुडते.

म्हणून पालकांना विनंती आहे की आवाज येवो वा न येवो, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या किलोमीटरवर टॅपेट मोजून घ्या. मिस्त्रीने फिलर गेज न वापरता नुसते आवळले तर त्याला आदरपूर्वक माप विचारा. आपली मुले ज्या व्हॅनमध्ये बसतात, तिच्याबाबत तर हे विचारणे आपले कर्तव्यच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्यांना हे काम आवडते त्यांच्यासाठी दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रसरण, वारंवारता आणि दशांश अपूर्णांक हे धडे तेथे रोज उपयोगी पडतात. तेव्हा ते आत्ताच मन लावून शिका.