३० फेऱ्यांऐवजी ३ फेऱ्या: फुप्फुसातल्या छोट्या गाठीसाठी एसबीआरटी

चाकण एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला वडिलांच्या रेडिएशनसाठी सहा आठवडे रोज हॉस्पिटल गाठायचं म्हटलं, तर सुट्ट्या संपतात आणि पगार कापला जातो. उपचार परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ठरले, तर मुंबईत राहायची सोय वेगळीच. म्हणून एसबीआरटी हे नाव माहीत हवं.

फरक काय?

नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे (रेडिएशनचं एकक) असे ३० डोस, एकूण ६० ग्रे. एसबीआरटीत १८ ग्रेचे ३ डोस, एकूण ५४ ग्रे. कमी वाटतंय ना? पण डॉक्टरांचं सूत्र बघा: एकूण डोस × (१ + एका वेळचा डोस ÷ १०). पहिल्याचं उत्तर ७२, दुसऱ्याचं १५१. दुपटीहून जास्त मारा!

नेम कसा धरतात?

एवढा डोस शेजारच्या चांगल्या भागावर पडून चालत नाही. त्यात गाठ श्वासाबरोबर हलते. म्हणून आधी फोर-डी सीटी काढतात, जणू हलणाऱ्या गाठीचा छोटा व्हिडिओच. मग अनेक कोनांतून किरण सोडतात. प्रत्येक किरण एकटा कमजोर, पण गाठीवर सगळे एकत्र येतात. दर डोसआधी मशीनवरच स्कॅन काढून जागा जुळवतात. सीएनसीवर कट मारण्याआधी जॉबचा झिरो तपासतात, तसंच.

रिझल्ट काय?

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निकाल आले. ऑपरेशन न झेपणारे ५५ पेशंट होते. तीन वर्षांनी सुमारे ९८ टक्के जणांची मूळ गाठ आटोक्यात होती. मात्र हयात होते सुमारे ५६ टक्के. काहींचा कॅन्सर दुसरीकडे पसरला, काहींना आधीचे आजार होते. म्हणजे ही जादू नाही.

कोणाला चालतं?

गाठ साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत आणि न पसरलेली हवी. ती मुख्य श्वासनलिकांजवळ असेल तर ३ डोस धोक्याचे; तिथे डोस लहान करून संख्या वाढवतात. ऑपरेशन झेपत असेल तर सहसा तोच पहिला पर्याय.

तुम्ही काय कराल?

छोटी गाठ बहुतेकदा त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये दिसते. घरातल्या कुणाच्या रिपोर्टमध्ये 'नोड्यूल' शब्द असेल, तर फाईल कपाटात ठेवू नका. प्रत्येक नोड्यूल कॅन्सर नसतो, पण डॉक्टरांना दाखवाच. आणि निदान कॅन्सरचं झालं, तर थेट विचारा: "आमच्या केसमध्ये एसबीआरटी चालेल का? नाही तर का नाही?"