तोंड वाकडं करायचं नाही!

इंदापूरकडच्या वस्तीवर चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं: मामानं आणलेला फ्रॉक आवडला नाही तरी सगळ्यांसमोर तोंड वाकडं करायचं नाही. कुठली भावना कुणापुढे दाखवायची, याच्या अशा अलिखित नियमांची मांडणी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९६९ मध्ये केली. पुढे १९९४ मध्ये जोशी आणि मॅक्लीन या संशोधकांनी भारतीय आणि इंग्लिश मुलांची तुलना केली. आतून वाईट वाटत असतानाही चेहरा हसरा ठेवता येतो, हे चार वर्षांच्या भारतीय मुलींना इंग्लिश मुलींपेक्षा जास्त उमगलेलं होतं. अशा मुलीच्या भावाचा अभ्यासक्रम अर्थातच वेगळा. ‘रडतोस काय मुलीसारखा’ ऐकत तो वाढतो. राग मात्र त्याला खुशाल माफ!

दुसऱ्याची भावना ओळखायलाही मुलं अशीच घरात शिकतात. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरच्या साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. आईबाप फडात, आणि आठ वर्षांची ताई कडेवर बाळ घेऊन कोपीपाशी. बाळ भुकेनं रडतंय की झोपेनं, हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं. मानववंशशास्त्रज्ञ व्हाइटिंग दांपत्यानं सहा संस्कृतींतल्या मुलांवर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातही धाकट्यांना सांभाळणारी मुलं दुसऱ्याची गरज ओळखून मदतीला धावणारी दिसली. ताईचं कौतुक मात्र जपूनच करावं. या शहाणपणापायी तिची शाळा बुडते.