स्वयंपाकघरांतील उजेड आणि चकाकी



घर नवें करावयास काढलें म्हणजे चर्चा होते ती बहुधा बैठकीच्या खोलीची. भिंतींचा रंग, पडदे, खुर्च्या यांविषयीं घरांतील प्रत्येकाचें कांहीं तरी मत असतें. स्वयंपाकघराची पाळी शेवटीं येते, आणि तोंपर्यंत पैसाही संपत आलेला असतो व उत्साहही. मग मिस्त्री जो नमुना पुढें करील, किंवा शेजारच्या बिऱ्हाडीं जो ओटा पाहिलेला असेल, तोच आपण पसंत करतों. वास्तविक ज्या जागीं घरांतील एखाद्या माणसाला रोज तीन-चार तास उभें राहावें लागतें, आणि विस्तव, उकळतें पाणी व धारेची सुरी हीं तिन्ही जेथें सदैव हाताशीं असतात, त्या जागेचा विचार सर्वांत आधीं व्हावयास हवा. आज त्या जागेंतील दोनच पृष्ठभागांविषयीं मी बोलणार आहें. एक, ओट्याच्या मागची भिंत, जिला आपले गवंडी डॅडो म्हणतात व नव्या घरांतून बॅकस्प्लॅश म्हणतात. आणि दुसरा, खुद्द ओटा.

प्रथम आमच्याच घरची एक चूक सांगतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं पुण्यांतील आमचें स्वयंपाकघर नवें केलें. जुना ओटा कडप्प्याचा होता. त्याच्या सांध्यांतून पीठ साचे, आणि मागच्या लहान लहान टाइल्सच्या फटी फोडणीच्या तेलानें पिवळ्या पडल्या होत्या. आतां कांहीं तरी झकास करावें, म्हणून आम्हीं काळाभोर चकचकीत ग्रॅनाइट बसविला आणि मागें तशीच काळी कांच लावली. येणाऱ्याजाणाऱ्यानें वाखाणणी केली. पण पंधरा दिवसांच्या आंतच, मीं उतरवून ठेवलेल्या लोखंडी तव्यावर सासूबाईंचा हात पडला आणि बोटें भाजलीं. काळ्यावर काळें त्यांना दिसलेंच नाहीं. मलम लावून घेतां घेतां त्या एवढेंच म्हणाल्या, "अगं, ओटा देखणा आहे, पण त्यावरचें मला कांहीं दिसत नाहीं."

चकचकीत स्वयंपाकघरांत माणसाला दिसूं नये, हें कसें? त्याचा उलगडा करूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, चकाकी आणि उजेड हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, पण त्या गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. कोणत्याही पृष्ठभागावर प्रकाश पडला म्हणजे त्याचा कांहीं अंश तो गिळतो आणि उरलेला परत पाठवितो. चांगल्या पांढऱ्या रंगाची भिंत पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० च्या आसपास प्रकाश परत देते. आरसा शेंकडा ८५ ते ९० देतो. स्टेनलेस स्टीलचा पत्रा सुमारें ६० देतो. घासून आरशासारखा केलेला काळा ग्रॅनाइट मात्र जेमतेम ४-५ देतो. दिव्याचें बिंब त्यांत लख्ख दिसतें, म्हणून तो उजळ वाटतो इतकेंच. बाकीचा सारा प्रकाश तो गिळून टाकतो. म्हणजे उजेड मिळतो तो रंगाच्या फिकेपणांतून, आणि चकाकी येते ती पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणांतून.

यांत आणखी एक भेद आहे. आरसा प्रकाश परत करतो तो एकाच दिशेला, त्यामुळें डोळे दिपतात. पांढरी भिंत तोच प्रकाश चहूंकडे विखुरते, त्यामुळें सावल्या मऊ होतात आणि कोनाकोपऱ्यांतलेंही दिसूं लागतें. आमच्या आजोळीं पणती ठेवण्याच्या दिवळीला आंतून दरवर्षीं चुना देत असत. तेवढ्याशा पणतीनें ओसरी उजळे, त्याचें श्रेय त्या चुन्याकडेही होतें.

मग चकाकीचा उपयोग काय? तिचा उपयोग स्वच्छतेसाठीं. फोडणी उडते, दूध उतूं जातें, वाफ भिंतीवर बसते. गुळगुळीत पृष्ठभागावर हें चिकटून राहात नाहीं. ओल्या फडक्याच्या एका हातासरशीं निघून जातें. यावरून नियम असा निघतो कीं, मागची भिंत फिकी आणि गुळगुळीत असावी, म्हणजे ती उजेडही देईल आणि पुसलीही जाईल. आणि ओटा फिका व सांधे नसलेला असावा, पण आरशासारखा चमकणारा नसावा, कारण खालीं मान घालून काम करणाराच्या डोळ्यांत त्या चकाकीची तिरीप येते.

भिंतीपासून आरंभ करूं. परंतु तिनें उजेड परत द्यावा असें वाटत असेल तर मुळांत तिच्यावर उजेड पडावयास हवा. आपल्याकडील अनेक घरांत दिवा खोलीच्या मध्यभागीं असतो आणि बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते, म्हणजे तिचीच सावली तिच्या हातावर पडते. ही अडचण ओळखून ती दूर करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९२६ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारद बाईंनीं नगरपालिकेच्या नव्या घरांसाठीं सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें छोटेखानी स्वयंपाकघर आंखलें. त्यांत कामाची फळी खिडकीच्या लगत ठेविली आणि छताखालचा दिवा रुळावरून हवा तिकडे सरकवितां येईल अशी योजना केली. तशीं दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. आज आपल्याला रुळाचीही गरज नाहीं. वरच्या कपाटाच्या तळाशीं, पुढच्या कडेला, एल.ई.डी.ची पट्टी लावली कीं काम होतें. मात्र तिच्यावर दुधी झांकण असावें. नाहीं तर मागच्या गुळगुळीत भिंतींत तिच्या प्रत्येक ठिपक्याचें बिंब उमटतें आणि डोळ्यांना त्रास देतें.

भिंतीला काय लावावें याचे आज चार प्रकार प्रचलित आहेत. पांढरी झिलईदार टाइल सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ; तिचा दोष तिच्यांत नसून तिच्या फटींत आहे. टाइल मोठी घ्यावी, म्हणजे फटी कमी होतात, आणि फटींत सिमेंटऐवजीं इपॉक्सी भरावें, म्हणजे तेल मुरत नाहीं. दुसरा प्रकार कांचेचा. कांचेच्या पाठीला रंग देऊन ती भिंतीला चिकटवितात. शेगडीमागें साधी कांच कधींही लावूं नये. उष्णतेनें ती तडकते. तेथें ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतानें एकदम निवविलेली, म्हणजे टफन्ड कांच हवी. ती फुटलीच तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात. मात्र एकदां टफन्ड झाल्यावर तिला भोंक पाडतां येत नाहीं कीं ती कापतां येत नाहीं, म्हणून विजेच्या बटणांच्या जागा आधींच मोजून द्याव्या लागतात. साध्या कांचेंत लोहाचा अंश असल्यामुळें पांढरा रंग तिच्यामागें किंचित् हिरवट दिसतो, हेंही नमुना पाहतांना लक्षांत ठेवावें.

तिसरा प्रकार स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा. शेंकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असलेला पत्रा गंजत नाहीं व आंचेला भीत नाहीं. त्याच्यावर बोटें उमटतात खरीं. पण रेषांच्या दिशेनें पुसला तर तो पुन्हां नीट दिसतो. चौथा प्रकार आरशाचा. लहान खोली त्यानें दुप्पट भासते; परंतु ओट्यावरचा पसाराही दुप्पट भासतो, आणि कडेनें ओल शिरली तर पाठीचा कल्हईसारखा थर काळा पडतो. शेगडीजवळ आरसा नसावा हें उत्तम.

आतां ओटा. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, आमसूल यांचें आम्ल त्यांना खातें, आणि जेथें रस सांडला तेथें फिकट डाग राहतो. ग्रॅनाइटला आम्ल बाधत नाहीं, आंच बाधत नाहीं. पण लांब किंवा कोनांत वळलेल्या ओट्याला सांधा घ्यावा लागतो, आणि ओटा भिंतीला मिळतो तेथें फट राहतेच. मुंग्या व झुरळें यांना एवढा आश्रय पुरतो.

ही सांध्याची अडचण सॉलिड सरफेस नांवाच्या पदार्थानें दूर केली. १९६७ मध्यें ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेंत तो प्रथम तयार झाला आणि १९७१ पासून कोरियन या नांवानें विकला जाऊं लागला. आज अनेक कंपन्या तसा माल करतात. त्यांत सुमारें एक तृतीयांश ॲक्रिलिक असतें आणि दोन तृतीयांश ॲल्युमिनियमच्या खनिजाची पांढरी पूड असते. हें खनिज बॉक्साइटपासून मिळतें. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडील डोंगरांत सांपडतें तेंच हें बॉक्साइट. याचे तक्ते बहुधा १२ मिलिमीटर जाडीचे असतात. त्याच जातीच्या चिकट द्रवानें ते जोडले आणि घासले कीं सांधा डोळ्यांना दिसत नाहीं व बोटाला लागत नाहीं. तक्ता तापवून वांकवितां येतो. म्हणून ओटा भिंतीवर चार बोटें गोलाईनें चढवितां येतो आणि कोपरा म्हणून उरतच नाहीं. सिंकही त्याच द्रव्याचें करून खालून एकजीव करतां येतें, म्हणजे सांडलेलें पीठ थेट आंत लोटतां येतें. रंग आरपार असल्यामुळें चरा पडला तर बारीक कागदानें घासून तो काढतां येतो.

परंतु त्याचे दोष न सांगणें हा अन्याय होईल. ॲक्रिलिक १०० अंशांच्या सुमारास मऊ पडूं लागतें. कुकरचें आंतलें तपमान सुमारें १२० अंश असतें आणि तव्याचें त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून ऊन भांडें अडणीवरच ठेवलें पाहिजे. नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडण्याची आपली संवय येथें सोडावी लागेल, आणि खलबत्ता जमिनीवर घ्यावा लागेल. पांढऱ्या ओट्यावर हळद दिसते; साबण लावल्यावर ती लाल होते, पण उन्हाच्या कवडशांत तिचा रंग हळूहळू उडतो. शुभ्र पांढऱ्यापेक्षां फिकट राखी अथवा बदामी रंग बरा. त्यावर मोहरीही दिसते आणि मीठही दिसतें.

ओटा निवडतांना तो कापणाऱ्या माणसाचाही विचार करावा. क्वार्ट्झ या नांवानें विकला जाणारा कृत्रिम दगड देखणा व कणखर असतो. परंतु त्यांतील बहुतेक नव्वद टक्के भाग सिलिकाचा असूं शकतो, आणि कोरडा कापतांना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसांत कायमची बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाहीं. या कारणास्तव ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून या दगडाचा वापर बंद केला. ग्रॅनाइटमध्येंही सिलिका असतेच. सॉलिड सरफेसच्या खनिजांत ती नसते, तरी धूळ ती धूळच. आपल्या घरीं कोणताही दगड कापावयाचा असेल तर पाणी सोडून कापावा आणि कारागिराच्या तोंडावर नीट मुखवटा असावा, असा आग्रह धरणें हें यजमानाचें कर्तव्य आहे.

सर्वच कुटुंबांना हा सारा खर्च झेपेल असें नाहीं. पण ज्याला थोडेंच करावयाचें आहे त्यानें क्रम चुकवूं नये. आधीं दिव्याची जागा बदलावी. मग मागची भिंत फिकी करावी. भाड्याचें घर असल्यास शेगडीमागें स्टीलचा एक पत्रा आणि बाकी भिंतीला धुतां येणारा पांढरा रंग, एवढ्यानेंही अंतर पडतें. ओटा सर्वांत शेवटीं. आणि दुकानांतील झगमगाटांत निवड न करतां नमुन्याचा तुकडा घरीं आणावा. त्यावर हळद, लिंबाचा रस आणि तेल रात्रभर ठेवावें, आणि संध्याकाळच्या दिव्यांत त्यावर चिमूटभर मोहरी टाकून ती दिसते कीं नाहीं तें घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारावें.

आम्हीं पुढें काय केलें तें सांगून संपवितें. काळी कांच काढून तेथें फिकट दुधी रंगाची टफन्ड कांच लावली आणि वरच्या कपाटाखालीं दिवा घेतला. शेगडीकडचा ग्रॅनाइट तसाच ठेविला, कारण तेथें आंच असते. सिंककडचा अर्धा ओटा मात्र बदामी रंगाच्या सॉलिड सरफेसचा केला, आणि ऊन भांड्यांसाठीं एक पांढरी अडणी ठरवून ठेविली. आतां सासूबाई त्या अर्ध्या ओट्याशीं उंच स्टूल घेऊन बसतात आणि तांदूळ निवडतात. खडा त्यांना माझ्याआधीं दिसतो, आणि तो मला दाखविण्याची संधी त्या सहसा दवडीत नाहींत.